संक्रांत मेळावा: जेवणाआधीच्या पाऊण तासात कोणते खेळ?

प्रेषक: सांस्कृतिक समिती

मंडळी, नमस्कार.

आपल्या न्यू जर्सीतल्या संक्रांतीच्या मेळाव्याला आतापर्यंत ११० नावं आली आहेत, त्यात २५ मुलं. जागा शाळेचं कॅफेटेरिया, दहा-दहा माणसांची गोल टेबलं. दार साडेपाचला उघडेल आणि जेवण सातला लागेल. सव्वासहापर्यंत लोक येत राहतात, त्यानंतर पाऊण तास सगळे भुकेले आणि मोकळे. खेळ सुचवा, पण साहित्य, माणसं आणि मिनिटं यांच्यासकट. नुसतं 'अंताक्षरी ठेवू या' एवढंच लिहू नका.

---

प्रेषक: माजी कार्यक्रमप्रमुख
विषय: उत्तर: जेवणाआधीचे खेळ

भुकेल्या लोकांना जागेवरून उठवू नये. म्हणून त्या पाऊण तासात हाऊजीच. आठ वर्षांच्या मुलापासून आजींपर्यंत सगळे एकाच वेळी खेळतात, शिवाय उशिरा आलेल्याला नियम समजावत बसावं लागत नाही.

तिकीट तीन ओळी, नऊ रकाने. २७ घरांपैकी १५ भरलेली, प्रत्येक ओळीत पाच. पहिल्या रकान्यात १ ते ९, शेवटच्यात ८० ते ९०. बरोबर छापलेल्या सहा तिकिटांच्या पानावर १ ते ९० मधला प्रत्येक आकडा एकदाच येतो. १२० तिकिटांना २० पानं लागतील आणि ती वीसही वेगवेगळी हवीत. एकाच पानाच्या झेरॉक्स काढल्या की सारखी तिकिटं दोन टेबलांवर जातात आणि फुल हाऊसला, म्हणजे पंधराही आकडे खोडून झाल्यावर, दोन हात वर होतात. प्रत्येक तिकिटावर अनुक्रमांक हवाच, आणि त्या तिकिटांची यादी पंचाकडे हवी.

आता बक्षिसांचा क्रम. इथे बहुतेक मंडळं फसतात. सुमारे शंभर तिकिटं खेळात असली तर गणिताने साधारण असं येतं: जलद पाच (तिकिटावरचे कुठलेही पाच) दहाव्या आकड्याच्या आसपास, चार कोपरे सत्ताविसाव्याच्या, तिन्ही ओळी पस्तिसाव्याच्या मागेपुढे, आणि पहिलं फुल हाऊस सहासष्ट-सदुसष्टाव्या आकड्याला. म्हणजे चाळिशीनंतर पंचवीस आकडे कोणालाच काही मिळत नाही. नेमक्या त्याच वेळी लोक एकमेकांशी बोलायला लागतात आणि निवेदकाचा आवाज बुडतो. त्या खड्ड्यात 'वर-खाली' हे बक्षीस टाका. वरची आणि खालची ओळ मिळून दहा आकडे, ते छप्पन्नाव्याच्या सुमारास लागतं. दुसरं फुल हाऊस ठेवलंत तर ते पहिल्यानंतर तीन-चार आकड्यांत येतं, त्यामुळे त्याने वेळ फारसा वाढत नाही.

तिकिटं दुप्पट केली तर खेळ लवकर आटपेल असं वाटतं. तसं होत नाही. ५० तिकिटांना फुल हाऊस सत्तराव्या आकड्याच्या आसपास लागतं, २०० ना चौसष्टाव्याच्या. वेळ ठरतो आकडे पुकारण्याच्या वेगावर. आकड्यामागे नऊ सेकंद धरले तर सत्तर आकड्यांना साडेदहा मिनिटं. आठ बक्षिसांच्या तपासणीला प्रत्येकी एक मिनिट. एक डाव वीस मिनिटांत बसतो. पाऊण तासात दोन डाव, तिसऱ्याचा मोह नको.

भांडणं तीनच ठिकाणी होतात. 'चार कोपरे' म्हणजे कागदाचे कोपरे नव्हेत, कारण कोपऱ्यातलं घर रिकामं असू शकतं. वरच्या आणि खालच्या ओळीतला पहिला आणि शेवटचा आकडा, हे सुरुवातीलाच तिकीट उंच धरून दाखवा. दुसरं, दावा शेवटी पुकारलेल्या आकड्यावरच करायचा. पुढचा आकडा तोंडातून बाहेर पडला की हक्क गेला. तिसरं, चुकीचा दावा केला तर ते तिकीट त्या डावातून बाद. लहान मुलांना यात एकदा सूट द्या, मोठ्यांना नको.

दोघांचा दावा एकाच आकड्यावर बरोबर निघाला तर बक्षीस विभागायचं कसं? म्हणून एका मोठ्या डब्याऐवजी दोन छोटे सारखे डबे ठेवा. संक्रांत आहे, वाणाच्याच वस्तू घ्या: स्टीलची वाटी, कापडी पिशवी, तिळगुळाचा डबा. आठ बक्षिसांना बारा नग.

साहित्य: गोट्यांचा किंवा चकत्यांचा संच, पुकारलेले आकडे मांडायचा ९० घरांचा तक्ता, ४० बोथट पेन्सिली आणि तपासणीला टेबलांमध्ये फिरणारी दोन माणसं. निवेदकाने तपासणीला जागा सोडू नये.

---

प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: उत्तर: जेवणाआधीचे खेळ

एक अडचण आत्ताच सांगतो. तिकिटामागे दोन डॉलर घेऊन 'निधी उभा करू' असा प्रस्ताव नको. न्यू जर्सीत पैसे घेऊन बिंगो किंवा रॅफल करायचं तर संस्थेची लीगलाइज्ड गेम्स ऑफ चान्स कंट्रोल कमिशनकडे नोंदणी आणि वर नगरपालिकेचा परवाना लागतो. हाऊजी म्हणजे बिंगोच, नाव मराठी घेतलं म्हणून सुटका नाही. मागेल त्याला तिकीट फुकट द्यायचं, वर्गणीशी त्याचा संबंध नाही, बक्षिसं मंडळाकडून भेट.

---

प्रेषक: मराठी शाळा
विषय: उत्तर: आकडे कसे पुकारायचे

नऊ सेकंदांत आकडा दोनदा म्हणा: आधी सुटे अंक, मग नाव. "पाच, नऊ. एकोणसाठ." फक्त 'एकोणसाठ' म्हटलं की अर्धं सभागृह ६९ खोडतं. सदुसष्ट-अडुसष्ट, त्र्याहत्तर-त्र्याऐंशी हीसुद्धा नेहमीची जोडपी. इथल्या मुलांचा घोटाळा वेगळा. 'पंचवीस'मध्ये पाच आधी ऐकू येतो म्हणून ती ५२ शोधतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. मुद्दा तोच, फक्त परदेशातल्या मुलाला तो जास्त बोचतो. आणि इंग्रजीत पुकारून सुटका होत नाही, तिथे थर्टीन-थर्टी आहेच.

एकेका डावात पन्नासच्या पुढचे आकडे मुलांना पुकारू द्या. माईक हातात आला की एकोणऐंशी आपोआप पाठ होतो.

---

प्रेषक: स्वागत समिती
विषय: उत्तर: साडेपाच ते सव्वासहा

हाऊजी सुरू होण्याआधी दारात उभ्या असलेल्यांचं काय? त्यासाठी अर्धे उखाणे. उखाण्याची पहिली ओळ पिवळ्या चिठ्ठीवर, दुसरी लालवर. येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला एक चिठ्ठी. आपला उरलेला अर्धा उखाणा शोधायचा, जोडी जमली की माईकवर पूर्ण म्हणायचा. नमुना:

पिवळी: पार्किंगमध्ये बर्फ, गाडीत शिरलं ऊन
लाल: ...चं नाव घेते, फावडं खाली ठेवून

८५ मोठ्यांना ४० उखाणे पुरतात, सगळेच काही भाग घेत नाहीत. पण चाळीसच्या चाळीस एकदम वाटू नका. लोक पाऊण तासभर येत राहतात, त्यामुळे पाच पस्तीसला पिवळी घेतलेल्याचा जोडीदार सहा दहाला उगवतो. दहा-दहा उखाण्यांचे चार गठ्ठे करा, एक संपला की दुसरा उघडा. एका हातात पिवळ्या, दुसऱ्यात लाल, आणि आळीपाळीने द्या.

यमकाची काळजी घ्या. 'ठेवून, पाहून, घेऊन, जाऊन' ही सगळी एकमेकांना जुळतात. एका गठ्ठ्यात असं शेवट होणारा उखाणा एकच ठेवा, नाहीतर चार जोड्या चुकीच्या जमतात आणि त्या हट्टाने बरोबरच असतात. (कधीकधी चुकलेला उखाणा जास्त चांगला निघतो. तेव्हा कोणी दुरुस्त करू नये.) अक्षर मोठं, २४ पॉइंट. दारात चष्मा काढून शोधायला कोणाला सवड नसते. सव्वासहाला उरलेल्यांना पुढे बोलावून तिथेच जोड्या लावून टाका.

---

प्रेषक: मंच आणि ध्वनी
विषय: उत्तर: जेवणानंतर

जेवणानंतर संगीत खुर्ची नको. पोट भरलेलं, फरशी गुळगुळीत, साड्या नेसलेल्या, आणि कॅफेटेरियाच्या घडीच्या खुर्च्या घाईत बसताना मिटतात. खेळायचीच असेल तर मुलांसाठी, जेवणाआधी, न मिटणाऱ्या खुर्च्यांवर, पाठी आत करून. २० मुलं आणि १७ खुर्च्या. आठ मुलं उरेपर्यंत फेरीला तीन बाद, मग एकेक. अकरा फेऱ्या, आठ-नऊ मिनिटं. एकेक खुर्ची काढत बसलात तर १९ फेऱ्या होतात आणि लवकर बाद झालेली मुलं टेबलांखाली शिरतात.

फुगडीचा आग्रह होणारच. अनवाणी खेळा, मोज्यांवर मुळीच नाही, आणि भोवती दोन मीटर मोकळं ठेवा. मनगटं धरायची, बोटं नाही.

'एक मिनिट' छापाचे खेळ, म्हणजे स्ट्रॉने काबुली चणे उचलणं वगैरे, मी टाळतो. खेळणारे चार, बघणारे शंभर, आणि मागच्या टेबलाला काहीच दिसत नाही. त्यातून कागदी स्ट्रॉ ओली होऊन मऊ पडते.

अंताक्षरी जेवणानंतर बरी, पण अकरा टेबलांचे अकरा चमू नकोत. प्रत्येकाला वीस सेकंद धरले तरी पाळी परत यायला साडेतीन मिनिटं लागतात. तीन-तीन टेबलांचे चार चमू करा, एकात दोनच. मराठीत 'ण' आणि 'ळ' पासून शब्द सुरू होत नाहीत, म्हणून ण आला तर न, ळ आला तर ल. ओळीच्या शेवटी 'रे', 'गं', 'हो' असेल तर ते सोडून आधीचं अक्षर घ्यायचं, नाहीतर सगळी साखळी र आणि ग भोवतीच फिरते. साखळी दहा मिनिटं पुरे. त्यानंतर म्हणींचं दमशेराज: 'आयत्या बिळावर नागोबा', 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत', 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट'. ज्यात प्राणी किंवा वस्तू आहे अशाच म्हणी निवडा. 'अति तेथे माती' करून दाखवणाऱ्याचे दीड मिनिटात हाल होतात. इथे वाढलेली मुलं म्हण ओळखत नाहीत, पण सरडा ओळखतात, तेवढ्याने चमूत सामील होतात.

माईक दोन हवेत, एक निवेदकाचा आणि एक फिरता. फिरता घेऊन स्पीकरच्या समोर उभं राहू नका, शिट्टी वाजते.

---

प्रेषक: सांस्कृतिक समिती
विषय: उत्तर: उत्तर: जेवणानंतर

मिळालं. दारात उखाणे, सव्वासहाला हाऊजीचे दोन डाव, जेवणानंतर अंताक्षरी आणि म्हणी. मुलांची संगीत खुर्ची सहाला, मागच्या वर्गखोलीत. बोरन्हाण वेगळं ठेवतोय: तीन वर्षांखालच्या बाळांवर फक्त चुरमुरे उधळायचे, हलवा आणि हरभरे घशात अडकतात. अजून हवं आहे: निवेदकाला पर्यायी माणूस एक, टेबलांमध्ये फिरायला दोन पंच, उखाण्याच्या ४० जोड्या लिहिणारे दोघे. 'ऊन'वाला एक झाला आहे. पुढच्या तीन गठ्ठ्यांत असे फक्त तीनच चालतील.