घरी टुर्नामेंट पोकर ठेवतोय (सांगली), जाणकारांची मदत हवी आहे

गावभागकर:

नमस्कार मंडळी,

आमच्या ग्रुपात पत्ते सगळेच कुटतात. रमी, तीन पत्ती, मेंढीकोट, जजमेंट, काही शिल्लक नाही. हल्ली पुण्याहून येणाऱ्या दोघांमुळे पोकरचं वेड लागलंय. आतापर्यंत सगळं ढिलं चालायचं: चिप्स वाटायच्या, संपल्या की परत द्यायच्या, कंटाळा आला की उठायचं. आता एका रविवारी रीतसर टुर्नामेंट घ्यायची ठरलीय. १२ जण, विश्रामबागला मित्राच्या घरचा वरचा हॉल, दुपारी ४ ला सुरू. ८ ला काहीही करून संपायला पाहिजे, मिरज-कुपवाडची मंडळी जेवायला घरी जाणार. पैसे नाहीत. पहिल्याला ढाल, दुसऱ्याला भडंग, तिसऱ्याला कंदी पेढे, उरलेल्यांना वर्षभर टोमणे.

व्यवस्था माझ्या गळ्यात. होल्डेमचा खेळ येतो, म्हणजे हातात दोन, मधे पाच, त्या सातांतून पाचांचा सगळ्यात चांगला हात. अडतंय ते पुढं. ब्लाइंड (दर डावाला पत्ते बघायच्या आधी दोघांनी सक्तीनं टाकायच्या चिप्स, एकाचा छोटा तो स्मॉल, दुसऱ्याचा मोठा तो बिग) कधी आणि किती वाढवायचे की बरोबर चार तासांत खेळ संपेल? चिप्स कशा वाटायच्या (५०० चा सेट आहे, पाच रंग, प्रत्येकी १००, आकडे छापलेले नाहीत)? तिघं एकदम ऑल-इन गेले, म्हणजे होत्या नव्हत्या तेवढ्या चिप्स लावल्या, तर हिशोब कसा? आणि मला स्वतःला खेळायचंही आहे हो. एरवीच्या खेळात माझं बरं चालतं, पण ब्लाइंड वाढायला लागले की नेमकं काय बदलायचं?

पुणेकर मित्र प्रत्येक प्रश्नावर २००३ चा पोकर विजेता ख्रिस मनीमेकरची कथा सांगतात. त्यानं माझा तक्ता होत नाही.

इस्पिकचीराणी:

आधी एक काम करा. हातांची क्रमवारी मोठ्या अक्षरांत छापून दोन्ही टेबलांवर ठेवा. तीन पत्ती खेळून आलेल्यांचा एक घोळ हमखास होतो: तिथं सिक्वेन्स कलरच्या वर, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. मनमानी नाही ती. तीन पत्त्यांत साध्या सिक्वेन्स ७२० बनतात आणि साधे कलर १,०९६, म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पत्ते घेतले की उलटं होतं: सिक्वेन्स १०,२००, कलर ५,१०८. जे कमी वेळा पडतं ते वर.

एक्का-दुर्री-तिर्रीचंही तसंच. तीन पत्तीत बऱ्याच घरांत ती दुसऱ्या नंबरची सिक्वेन्स धरतात. पोकरमध्ये एक्क्यापासून पंजीपर्यंतची सिक्वेन्स सगळ्यात लहान. आणि इस्पिक मोठं, किलवर लहान असं काही नाही (माझ्या आयडीकडे बघू नका). पाचही पत्ते तोडीस तोड असले की पॉट (मधे जमलेल्या चिप्स) निम्मा निम्मा.

शंकेखोर:

पैसे नाहीत म्हणताय ते बरंय. तरी सरावासाठी ऑनलाइन पैसे लावायला कुणी निघालं तर आधीच सांगा: ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून ऑनलाइन खेळवणं देशभर बंद झालंय. खेळ नशिबाचा की कौशल्याचा हा वाद त्यात चालत नाही, म्हणजे पोकरही आलं. फुकटच्या चिप्सवालं अॅप चालेल, पण तिथं लोक कशावरही ऑल-इन जातात. बटणं कुठं आहेत एवढंच शिकायला मिळतं. राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच, तेव्हा ऐन वेळी कुणी "शंभर-शंभर काढू की" म्हणाला तर त्याला खाली चहा आणायला पाठवा.

पोवईनाका:

गावभागकर, पेढे साताऱ्याहून आणणार असाल तरच पुढं वाचा. :)

चिप्सचं आधी. चार रंग वापरा: २५, १००, ५०० आणि १०००. प्रत्येकाला २५ च्या आठ, १०० च्या आठ, ५०० च्या चार, १००० च्या दोन. झाले ५,०००. बारा जणांना मिळून २५ च्या ९६ लागतात, १०० च्याही ९६, सेटमध्ये बरोबर बसतं. रंगांचे भाव कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, नाहीतर दर डावाला "हिरवी कितीची रे" ऐकावं लागेल.

आता वेळेचं गणित. टेबलावरच्या एकूण चिप्स ६०,०००. या सगळ्या मिळून बिग ब्लाइंडच्या वीसपटीवर आल्या की टुर्नामेंट फार ताणत नाही, कारण उरलेल्या दोघांकडं मिळून वीसच बिग ब्लाइंड असतात. ६०,००० भागिले २० म्हणजे ३,०००. म्हणून चौथ्या तासात बिग ब्लाइंड ३,००० वर पोचला पाहिजे. मागं मागं येत तक्ता असा बसतो (आधी स्मॉल, मग बिग ब्लाइंड), प्रत्येक पायरी २० मिनिटांची:

२५/५०, ५०/१००, ७५/१५०, १००/२००, १५०/३००. इथं दहा मिनिटं चहा आणि २५ च्या चिप्स बदलून घ्या.
२००/४००, ३००/६००, ४००/८००. परत दहा मिनिटं, १०० च्या चिप्स गोळा करा.
५००/१०००, १०००/२०००, १५००/३०००.

अकरा पायऱ्यांचे ३ तास ४० मिनिटं, वर दोन सुट्ट्या. ८ ला पाच-दहा मिनिटं इकडं तिकडं. चहाला जादा वेळ लागला तरी घड्याळ थांबवू नका. मोबाइलचा टायमर सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवा. चालू डाव जुन्या ब्लाइंडवर संपवायचा, नवा डाव नव्यावर.

पहिल्या वीस मिनिटांत बाद झालेला माणूस तीन तास सोफ्यावर बसून सगळ्यांना सल्ले देतो, म्हणून पहिल्या सुट्टीपर्यंत एकदा परत ५,००० घ्यायची मुभा ठेवा. त्यानंतर संपलं की संपलं.

टेबलं सहा-सहाची. एकीकडं दोन माणसं कमी झाली की दुसरीकडून ज्याचा बिग ब्लाइंड येणार आहे त्याला उठवून इकडं बसवा. आठ उरले की एकच टेबल करा आणि जागा नव्यानं चिठ्ठ्या टाकून. प्रत्येक टेबलाला पत्त्यांचे दोन जोड लागतील: एक वाटला जातोय तोवर शेजारचा दुसरा पिसत बसेल. हे केलं नाही तर वीस मिनिटांत सहा डावसुद्धा होत नाहीत आणि ब्लाइंड वाढवून खेळाडूंपेक्षा घड्याळच सगळ्यांना बाद करतं.

किलवर_दुर्री:

साइड पॉटचं मी सांगतो, यावरून लोकांची भांडणं बघितलीत.

अ कडं ९००, ब कडं २,५००, क कडं ६,००० आणि तिघंही ऑल-इन. सगळ्यात लहान स्टॅकपासून (ज्याच्या पुढ्यात सगळ्यात कमी चिप्स) सुरू करायचं. तिघांच्या पुढ्यातून ९००-९०० मधे ओढा, हा मुख्य पॉट, २,७००. ब कडं उरले १,६००, क च्या पुढ्यातूनही तेवढेच घ्या, ३,२०० चा साइड पॉट, तो वेगळा ढीग करून ठेवा. क च्या उरलेल्या ३,५०० समोर कुणी काही लावलेलंच नाही, ते त्याला आताच परत. मग पत्ते उलटा आणि निकाल शेवटच्या ढिगापासून मागं. आधी साइड पॉट फक्त ब आणि क मध्ये. मग मुख्य पॉट तिघांत. अ चा हात कितीही भारी असला तरी त्याला मुख्य पॉटच्या वर एक चिप नाही. पॅक झालेल्यांचे ब्लाइंड मधे असतील तर ते मुख्य पॉटमध्ये.

सगळं एकाच ढिगात लोटलं की मग मोजायला देवच यावा लागतो.

दोन शिस्ती पहिल्याच डावाला जाहीर करा. तोंडातून निघालं ते बांधील. आणि न बोलता एकच मोठी चिप टाकली तर तो कॉल (समोरच्याएवढंच लावणं), रेझ (वाढवणं) नाही. ५० कॉल करायचे असताना १००० ची चिप टाकून नंतर "मी रेझ म्हणणार होतो" हे चालणार नाही.

गावभागकर:

पोवईनाका, पेढे साताऱ्याचेच. तक्ता तर रेडीमेड मिळाला, लई उपकार. किलवर_दुर्री, तुमचा हिशोब प्रिंट मारून लावतो.

आता खेळाचं सांगा की. आमच्यात सगळे चाल देत बसतात, मीही. दोन चांगले पत्ते आले तर खेळायचं, नाहीतर पॅक. ब्लाइंड ३००/६०० झाले की हे जमेल?

पोवईनाका:

नाही जमणार, आणि का ते हिशोबानं बघू. हातात दोन एक्के २२१ डावांत सरासरी एकदा येतात. घरच्या टेबलावर तासाला पंचवीस डाव पडले तरी खूप, चार तासांत शंभर. एक्क्यांची वाट बघणाऱ्याला अख्खी संध्याकाळ पुरत नाही, आणि तेवढ्यात ब्लाइंड त्याला खाऊन टाकतात.

म्हणून टुर्नामेंटमध्ये चिप्सचा आकडा बघायचाच नाही. त्याला बिग ब्लाइंडनं भागायचं. ४ वाजता ५,००० म्हणजे १०० बिग ब्लाइंड, आरामात खेळा. लहान जोडी स्वस्तात पुढं न्या, तिसरा जुळायची शक्यता फ्लॉपला (मधले पहिले तीन पत्ते) साडेआठात एक असते, आणि जुळला की मागं इतक्या चिप्स असतात की वसूल होतं. तेच ५,००० साडेपाचला १५०/३०० वर जेमतेम साडेसोळाच्या आसपास उरतात. एकही डाव न हरता! तेव्हा तिसऱ्याची वाट बघणं परवडत नाही.

एक डाव घेऊ. ३००/६००, तुमच्याकडं ४,८००, म्हणजे आठ बिग ब्लाइंड. बटण (वाटणाऱ्याची खूण, दर डावाला पुढं सरकते) तुमच्यापुढं. हातात किलवरचा एक्का आणि बदामाची अठ्ठी. तुमच्या आधीचे सगळे पॅक, मागं फक्त दोन ब्लाइंडवाले.

६०० ची चाल दिलीत तर बिग ब्लाइंडला फ्लॉप फुकट. जोडी नसलेल्या दोन पत्त्यांना फ्लॉपवर जोडी तीनात एकदाच जुळते. म्हणजे तीनात दोनदा तुम्ही ४,२०० घेऊन, काहीच हाती नसताना, समोरच्याच्या बेटकडं बघत बसणार. हीच ती चाल देत बसायची खोड.

त्याऐवजी सरळ ऑल-इन. दोघं पॅक झाले, आणि बहुतेक वेळा होतातच, तर ९०० मिळाले. तुमच्या स्टॅकच्या जवळपास १९ टक्के, पत्ता न उलटता. कुणी राजा-राणीवर कॉल केला तर अजून तुम्हीच पुढं आहात. एक्का-राजावाला निघाला तर चारात एकदा वाचाल, वाईट आहे, पण ते रोज निघत नाहीत. ऑल-इनला जिंकायचे दोन रस्ते असतात, समोरचा घाबरला तर आणि पत्ते लागले तर. कॉलला एकच.

ढोबळ मानानं पंचवीस बिग ब्लाइंडच्या वर असाल तर नेहमीचा खेळ, दहा ते पंचवीस असताना थोडे हात पण रेझ करून, दहाच्या खाली गेलात की पॅक नाहीतर ऑल-इन, मधलं काही नाही. आणि हे करायचं ते मागं माणसं कमी असताना, आणि पहिले तुम्ही. दुसऱ्यानं ऑल-इन केल्यावर त्याच एक्का-अठ्ठीवर कॉल करणं वेगळं, तिथं घाबरवायचा रस्ता बंद झालेला असतो. तेवढ्यासाठी पत्ता जास्त भारी लागतो.

इस्पिकचीराणी:

+१. फक्त चौघं उरले की एक भर घाला. बक्षिसं तिघांनाच आहेत, म्हणजे चौथा रिकाम्या हातानं जाणार. त्या वेळी कुणाकडं दोनच बिग ब्लाइंड उरले असतील तर मधल्या स्टॅकवाल्यानं मोठ्या स्टॅकशी पंगा घेऊ नये, बरा हात असला तरी. आधी तो लहान बाद होऊ दे. उलट सगळ्यात मोठा स्टॅक तुमचा असेल तर नेमकं तेव्हाच रेझवर रेझ करा, कारण बाकीचे पेढ्यांवर डोळा ठेवून पॅक होतात.

कारण असं: बक्षिसं ५०-३०-२० टक्के वाटली तर जिंकणारा टेबलावरच्या सगळ्या चिप्स गोळा करतो, पण मिळतं त्याला निम्मंच. म्हणजे दुप्पट झालेल्या चिप्सची किंमत दुप्पट होत नाही, आणि गेलेल्या मात्र पूर्ण जातात. तुमच्याकडं पैसे नाहीत म्हणा, पण ढाल आणि भडंग यात फरक आहेच की.

एकाच डावात दोघं बाद झाले तर डाव सुरू होताना ज्याच्याकडं जास्त चिप्स होत्या तो वरचा नंबर. हे आधी सांगा, पेढ्यांचा प्रश्न आहे.

शंकेखोर:

मनीमेकरचं राहिलं. २००३ ला ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून (मोठ्या टुर्नामेंटची जागा जिंकायची छोटी टुर्नामेंट) तो वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या १०,००० डॉलरच्या मेन इव्हेंटला पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला, खरं आहे. त्या वर्षी ८३९ जण बसले होते. उरलेल्या ८३८ जणांची कथा तुमचे पुणेकर मित्र सांगणार नाहीत.

गावभागकर:

शंकेखोर, हे त्यांना तोंडावर वाचून दाखवणार.

एकच राहिलं. दोघंच उरले की बटण आणि ब्लाइंडचं काय? गेल्या वेळी यावरून दहा मिनिटं वाद चालला होता.

किलवर_दुर्री:

ज्याच्यापुढं बटण, त्याचाच स्मॉल ब्लाइंड. फ्लॉपच्या आधी तो पहिला बोलतो, फ्लॉपपासून पुढं शेवटी. तिघांवरून दोघांवर येताना कुणाला सलग दोनदा बिग ब्लाइंड पडत असेल तर बटण सरकवून घ्या. आणि तेव्हापासून पायरी वीसऐवजी दहा मिनिटांची केलीत तरी चालेल, आधी सगळ्यांना सांगून. कुपवाडची मंडळी जेवायला वेळेत पोचतील.