अनुभव धागा: गेमिंग पीसीला साउंड कार्ड लागतं का? लागलं तर कोणतं?

ग्राफिक्स कार्ड निवडताना लोक महिनाभर तुलना करतात. आवाजाचा विषय मात्र "मदरबोर्डवर आहे की" एवढ्यावर मिटतो आणि मग हेडफोनमधली खरखर, माइकची सों सों, पावलं डावीकडून आली की मागून हे न कळणं, असं सगळं मागाहून निघतं. ज्यांनी कार्डं बसवली, काढली, तपासली त्यांनी इथे लिहावं. "अमुक एक नंबर आहे" एवढंच नको. हेडफोन कोणता, जोडणी कशी, बिघाड कशामुळे आला आणि कशाने गेला, ते लिहा.

ओहम_शांती

सुरुवात हेडफोनच्या वायरीपासून करा. हेडसेट यूएसबीचा किंवा वायरलेस डोंगलचा असेल तर त्याचं साउंड कार्ड त्याच्या पोटातच असतं. पीसीत हजारोंचं कार्ड घातलं तरी आवाज त्यातून जाणारच नाही. मॉनिटर किंवा एव्ही रिसीव्हरला एचडीएमआयने आवाज जात असेल तर तो ग्राफिक्स कार्डातून जातो, तिथेही हा खर्च वाया. साउंड कार्डाचा प्रश्न येतो तो फक्त ३.५ मिमी जॅकवाल्यांना.

आता थोडं गणित. शक्ती म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम (हेडफोनचा विजेला होणारा प्रतिरोध). जॅकमधून १ व्होल्ट मिळत असेल तर ३२ ओहमच्या हेडसेटला सुमारे ३१ मिलिवॅट मिळतात, म्हणजे कान बधिर होतील इतके. बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो घ्या, २५० ओहमवाला. त्याला त्याच १ व्होल्टात ४ मिलिवॅट मिळतात. त्याची संवेदनशीलता १ मिलिवॅटला ९६ डेसिबल, म्हणजे कमाल आवाज १०२ डेसिबलच्या आसपास. ऐकू येईल, पण गेममध्ये पावलं हळू आणि स्फोट मोठे असतात, त्यामुळे स्लायडर कायम शंभरावर राहतो. २ व्होल्ट देणारं कार्ड किंवा डॅक (तेच काम करणारी बाहेरची यूएसबी डबी) घेतला की आणखी ६ डेसिबल मिळतात.

दुसरा आकडा जाहिरातीत सापडत नाही: जॅकचा स्वतःचा प्रतिरोध. तो हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी हवा, म्हणजे ३२ ओहमला ४ ओहमपर्यंत. स्वस्त बोर्डांवर जॅकच्या आधी ७५ ओहमचे रेझिस्टर लावलेले आढळतात. तिथे ३२ ओहमचा हेडसेट लावला की सुमारे १० डेसिबल तिथेच जिरतात, आणि ज्या हेडफोनचा ओहम खालच्या सुरांत वाढतो त्यांचा बास फुगून पावलांवर बसतो. क्रिएटिव्ह कंपनीच्या एई-५ कार्डात आणि यूएसबीवाल्या जी६ मध्ये हा प्रतिरोध १ ओहम आहे. पैसे त्याचे द्या, "७.१" (सात स्पीकर आणि एक सबवूफर) या आकड्यांचे नकोत.

खरखर_निवारण

वरच्याशी सहमत, पण कार्ड घ्यायला येणाऱ्या बहुतेकांची तक्रार आवाज कमी असल्याची नसते, खरखरीची असते. आणि ती बऱ्याचदा कार्डाविना जाते.

आधी हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून काढून मागच्या हिरव्या जॅकला लावा. खरखर गेली? मग दोषी ती बारीक वायर, जी पुढच्या पॅनेलपासून बोर्डाच्या खालच्या कडेला असलेल्या एचडी ऑडिओ हेडरपर्यंत (वायर खोचायच्या पिनांपर्यंत) ग्राफिक्स कार्डाखालून जाते. ती ९ पिनांची असते, बहुधा बिनकवचाची, आणि जाता जाता सगळा कचरा उचलते. माउस हलवला किंवा गेम लोड झाला की चिर्रर्र येतं ते हेच. वायर मदरबोर्डाच्या ट्रेच्या मागून फिरवा, नाहीतर मागचा जॅक आणि दीड मीटरची एक्स्टेन्शन वापरा.

सलग घूं घूं असेल तर अर्थिंग बघा. दोन पिनांच्या एक्स्टेन्शन बोर्डावर पीसी चालवला की एसएमपीएसमधल्या (पीसीच्या पॉवर सप्लायमधल्या) फिल्टर कपॅसिटरमुळे कॅबिनेटवर विजेची बारीक झिणझिण राहते. त्यात टीव्ही किंवा अँप जोडला की जमिनीच्या वायरीतून आवाज घुसतो. तीन पिनांचं, खरोखर अर्थ असलेलं सॉकेट वापरा आणि पीसी व स्पीकर एकाच बोर्डावर लावा. तरीही राहिला तर स्पीकरला ऑप्टिकल केबलने जोडा. त्यातून प्रकाश जातो, वीज नाही.

मुंबई, कोकण, गोवा इथल्यांसाठी एक जादा: खाऱ्या हवेत जॅकच्या पट्ट्या काळवंडतात. पिन फिरवली की एक बाजू येते-जाते. पीसी बंद करून पिनेला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. वाळू द्या, मग चालू करा.

स्लॉटवाला

आतलं कार्ड घेणार असाल तर आधी झाकण उघडा. कार्डाला पीसीआय एक्सप्रेस एक्स१ स्लॉट लागतो. ते एक्स१६ मध्येही बसतं आणि चालतं. अडचण वेगळीच आहे: हल्लीची ग्राफिक्स कार्डं अडीच-तीन स्लॉट खातात आणि एक्स१ नेमका त्यांच्याखाली दडतो. मायक्रो-एटीएक्स या लहान बोर्डावर जागा उरतच नाही, त्याहून लहान मिनी-आयटीएक्सवर तर प्रश्नच नको. जागा असली तरी ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याला चिकटून बसवू नका. दोघंही तापतात. सर्वांत खालचा स्लॉट धरा आणि बोर्डाच्या पुस्तिकेत बघा की तो एम.२ किंवा साटाशी (डिस्कच्या जोडण्यांशी) वाटून घेतलेला नाही ना.

बसवायचं असं: पीसी बंद, वायर काढून पॉवरचं बटण एकदा दाबा. कार्ड बसवून स्क्रू घट्ट करा. पुढच्या पॅनेलची वायर मदरबोर्डावरून काढून कार्डाच्या हेडरला लावा, हे विसरलं की "पुढचा जॅक मेला" अशी ओरड सुरू होते. एसूसच्या झोनार एसेन्स एसटीएक्ससारख्या काहींना एसएमपीएसची चार पिनांची मोलेक्स वायरही लागते, ती लावा. मग बायोसमध्ये मदरबोर्डाचा एचडी ऑडिओ बंद करा, ड्रायव्हर टाका.

जुनं घेताना डोळे उघडे ठेवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळणारी काही कार्डं जुन्या पीसीआयची असतात, नव्या बोर्डावर तो स्लॉटच नाही. झोनार डीजी म्हणजे पीसीआय, डीजीएक्स म्हणजे पीसीआय एक्सप्रेस. एका अक्षराचा फरक. ऑडिजी एफएक्स तर स्वतःच रियलटेकच्या एएलसी ८९८ चिपवर आहे, त्यामुळे बोर्डावर त्याहून नवी एएलसी १२२० असताना ते घेणं म्हणजे पैसे देऊन मागे जाणं.

मुग्धा_एचआरटीएफ

पावलांच्या दिशेबद्दल. दिशा साउंड कार्ड ठरवत नाही, गेमचं इंजिन ठरवतं. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ स्वतःच एचआरटीएफ करतात, म्हणजे दोन कानांना वेळेचा आणि सुराचा जो फरक ऐकू येतो तो गेमच तयार करतो. त्यावर विंडोज सॉनिक, डॉल्बी अ‍ॅटमॉस किंवा कार्डाचं "व्हर्च्युअल ७.१" लावलं की तेच काम दुसऱ्यांदा होतं: आवाज दूर, घुमल्यासारखा, आणि मागचं-पुढचं सरमिसळ. एकच ठेवा. गेममध्ये एचआरटीएफ असेल तर बाकी सगळं बंद, स्पीकर सेटिंग स्टिरिओ. गेम फक्त ५.१ किंवा ७.१ देत असेल तेव्हाच व्हर्च्युअल सराउंडला काम आहे.

विंडोज-आर दाबून एमएमएसवायएस डॉट सीपीएल (mmsys.cpl, आवाजाच्या सेटिंगची खिडकी) उघडा. फॉरमॅट २४ बिट, ४८००० हर्ट्झ ठेवा. १९२ किलोहर्ट्झने गेममध्ये काही मिळत नाही. कम्युनिकेशन्स टॅबमध्ये "डू नथिंग" निवडा, नाहीतर डिस्कॉर्डवर कोणी बोललं की गेमचा आवाज ८० टक्के खाली येतो आणि दोष हेडफोनला जातो.

बागेश्री_८९

२००० च्या दशकातल्या ईएएक्सवाल्या (क्रिएटिव्हचं घुमणाऱ्या आवाजाचं तंत्र वापरणाऱ्या) गेमसाठी खास क्रिएटिव्हचं कार्ड घ्यायला हवं का?

मुग्धा_एचआरटीएफ

नको, ताई. विंडोज व्हिस्टाने २००७ मध्ये डायरेक्टसाउंडचा (गेमचा आवाज कार्डाकडे नेणाऱ्या विंडोजच्या भागाचा) हार्डवेअरचा रस्ताच काढून टाकला, तेव्हापासून नुसतं कार्ड पुरेसं नाही. क्रिएटिव्हचं अल्केमी हे सॉफ्टवेअर त्यावरचं उत्तर होतं. आता डीएसओएएल ही मोफत फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाकली की ईएएक्स कुठल्याही चिपवर चालतं.

नुसता_माइक

माइकबद्दल कुणी बोललं नाही. चार पट्ट्यांची एकच पिन असलेला हेडसेट हिरव्या जॅकला लावलात तर ऐकू येईल, माइक चालणार नाही. हिरवी-गुलाबी अशी दोन टोकं देणारा स्प्लिटर घ्या. माइक बूस्ट ३० डेसिबलवर नेला की पंख्याचा आवाजही तितकाच वाढतो. बूस्ट १० वर ठेवा आणि माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर आणा.

बीएम-८०० जातीचा स्वस्त कंडेन्सर ३.५ मिमी वायरीने लावून "कार्ड बदलू का" विचारणारे फार. त्या माइकला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (माइकच्या वायरीतूनच जाणारी वीज) हवा असतो, जॅक जेमतेम काही व्होल्ट देतो. कोणतंही साउंड कार्ड हे भागवणार नाही. एक्सएलआरचा (तीन पिनांच्या माइक जोडणीचा) ऑडिओ इंटरफेस घ्या, फोकसराइट स्कारलेट सोलोसारखा. त्यावर हेडफोनचा जॅकही असतो, म्हणजे वेगळा डॅक नको.

पाच_पॉइंट_एक

५.१ स्पीकरवाल्यांसाठी. मागे तीनच जॅक असतील तर हिरवा पुढचे, निळा मागचे आणि गुलाबी मधला-सबवूफर असा होतो, मग माइक पुढच्या पॅनेलला लावावा लागतो. ऑप्टिकलने गेमचा ५.१ हवा असेल तर बोर्ड किंवा कार्डात डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट (५.१ आवाज त्याच क्षणी दाबून ऑप्टिकलमध्ये बसवणारी सोय) हवं, नाहीतर फक्त स्टिरिओ जातो. रिसीव्हर असेल तर ही उठाठेव सोडा. एचडीएमआयमधून आठ चॅनेल कॉम्प्रेस न करता जातात.

खरखर_निवारण

एक राहिलं. सलग खरखर वेगळी आणि अधूनमधून येणारे टक्-टक् वेगळे. टक्-टक् हे बहुधा ड्रायव्हर वेळेत काम न उरकल्यामुळे होतात, वाय-फाय किंवा ग्राफिक्सचे नेहमीचे संशयित. लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम दहा मिनिटं चालवा, कोणती फाइल अडते ते नावासकट दिसतं. यूएसबी डॅकला टक्-टक् येत असेल तर तो हबमधून काढून थेट मागच्या पोर्टला लावा आणि पॉवर प्लॅनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. हे सगळं करून बघण्याआधी कार्ड मागवू नका. ड्रायव्हर तोच राहिला तर नव्या कार्डातही टक्-टक् तसंच येतं.