कोयना दुपारी बंद ठेवा

सह्यवारा:
५ एप्रिल २०२० आठवतंय? रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे मालवले आणि देशाची विजेची मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटने कोसळली. ग्रीड, म्हणजे देशभरचं वीजजाळं, तरलं, कारण जलविद्युत केंद्रांनी पंचवीस मिनिटांत साधारण १७,५०० मेगावॉट निर्मिती खाली आणली आणि लगेच पुन्हा चढवायला घेतली. कोळशाच्या संचाला हे जमत नाही, बॉयलरला वेळ लागतो. आता तर रोजच सूर्य मावळला की सौरवीज संपते, नेमकी तेव्हाच घरोघरची मागणी वाढते. कोयनेचे १,९६० मेगावॉट त्या वेळेसाठी राखा. कृष्णा पाणीतंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीच (अब्ज घनफूट) पाणी दिलंय. भर दुपारी त्यातला थेंबही खर्चू नये.

कराडकर:
साफ असहमत. त्या १,९६० पैकी धरणाच्या पायथ्याचं वीजगृह ४० मेगावॉटचं. वीज करून आमच्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूला येणारं पाणी तेवढंच, बाकीचं कोकणातल्या वाशिष्ठी नदीतून समुद्रात. उन्हाळ्यात सांगलीपर्यंत नदी आटली की पूर्वेला किती सोडायचं यावर भांडणं होतात. त्यात आता ग्रीडचं निमित्त! धरणग्रस्तांचं पुनर्वसन आधी पुरं करा, मग ग्रीड सांभाळा.

सह्यवारा:
जास्त पाणी मागितलंय कुणी? पाणी तेवढंच, वेळ बदला. पुनर्वसनाबद्दल दुमत नाही.

घाटवाट:
एकटी कोयना किती पुरणार? घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे. रात्रीच्या स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची, हे त्याचं जुनं गणित. आता स्वस्त वीज दुपारी मिळते, तर पंप दुपारी चालवा. चढउतारात पाचवा हिस्सा तरी वीज जाते, ती जाऊ दे. पण नव्या उदंचन प्रकल्पांसाठी सह्याद्रीतलं जंगल तोडायला माझा ठाम विरोध.

हिशेबी:
मग बॅटऱ्या बसवा की. ना जंगल, ना लवाद.

सह्यवारा:
दोन-चार तासांपुरतं ठीक. आठवडाभर आभाळ भरून राहिलं तर?

हिशेबी:
ते पावसाळ्यात, आणि तेव्हा धरणही भरत असतं. म्हणजे तुमचं 'दुपारी थेंबही नको' जुलैत लागू नाही.

चिपळूणकर:
जुलैचं बोलताय तर आम्हालाही विचारा. ते पाणी आमच्या वाशिष्ठीत उतरतं, २०२१ चा पूर कुणी विसरलेलं नाही. संध्याकाळी सगळे संच एकदम सुरू करायचे तर नदीची पातळी आणि खाडीच्या भरतीची वेळ बघूनच करा. वेळापत्रक आदल्या दिवशी नगरपालिकेला कळलं पाहिजे.