कुंडीतल्या मुंग्या: विष न घालता काय करता येईल?

मंडळी, मदत हवी आहे. गच्चीतल्या जास्वंदीच्या कुंडीत लाल मुंग्यांनी घरच केलंय. पाणी घातलं की अंडी तोंडात धरून काठावर येतात, तासाभरात परत आत! हळद झाली, दालचिनीची पूड झाली. बाजूने वाट काढतात. मुंग्यांचा खडू नको, आमचं मांजर त्याच मातीत लोळतं.

कोवळ्या शेंड्यांवर पांढरा मिलीबगही (पिठ्या ढेकूण, रस शोषणारी कीड) दिसतोय. त्याचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात आणि वर त्याला राखतातही, म्हणजे आधी तोच घालवायला हवा ना? कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी तुम्ही किती प्रमाणात, किती दिवसांनी फवारता? अख्खी कुंडी तासभर बादलीत बुडवली तर मुळांना त्रास होईल का? झाड आईने लावलेलं आहे, उपटायचं नाहीये.