'लीव्ह अँड लायसन्स' आणि करारपत्रांतले काही जुने इंग्रजी शब्द

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने मुलुंडला भाड्याने घर घेतले. सह्या करण्याच्या आदल्या रात्री तो कराराचा मसुदा घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, याला 'लीव्ह अँड लायसन्स' का म्हणतात? एजंट सांगतो, मुदत संपली की घर सोडायचे, म्हणून लीव्ह." मुदतीनंतर घर सोडावे लागते ही गोष्ट खरी आहे, परंतु 'लीव्ह' या शब्दाचा येथे तो अर्थ नाही. हा समज मी मुंबईतल्या अनेक शिकल्यासवरलेल्या घरांत ऐकला आहे. म्हणून या शब्दापासून आरंभ करून, त्या मसुद्यात भेटलेल्या आणखी काही जुन्या इंग्रजी शब्दांविषयी येथे लिहितो.

इंग्रजीत 'लीव्ह' हे एकसारखे दिसणारे दोन निराळे शब्द आहेत. एक क्रियापद आहे. त्याचा जुना अर्थ 'मागे उरू देणे' असा असून त्यातूनच सोडणे, निघून जाणे हे आजचे अर्थ आले. दुसरे नाम आहे आणि त्याचा अर्थ परवानगी. या दुसऱ्या शब्दाचे नाते पहिल्याशी नसून 'लव्ह' आणि 'बिलीव्ह' या शब्दांशी आहे, कारण तिन्हींच्या मुळाशी 'प्रिय असणे, मनाला पटणे' ही कल्पना आहे. जे आपल्या मनाला रुचते त्याला आपण मोकळीक देतो, आणि ती मोकळीक म्हणजे हे 'लीव्ह'. करारातला शब्द हाच आहे. कार्यालयात आपण ज्या 'लीव्ह'साठी अर्ज करतो तोही हाच शब्द आहे. गैरहजर राहण्याची परवानगी असा त्याचा मूळ आशय होता, पुढे परवानगी मागे पडली आणि मिळालेल्या दिवसांनाच ते नाव चिकटले.

इंग्रजी शब्दाचा हा प्रवास मराठी माणसाला परका वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्या 'रजा' या शब्दाने नेमका हाच रस्ता तुडवला आहे. 'रजा' हा मूळचा अरबी शब्द आणि त्याचा अर्थ संमती, खुशी. राजी, मर्जी, रजामंदी ही सगळी त्याचीच भावंडे आहेत. आज अर्जित रजा, नैमित्तिक रजा, विनावेतन रजा असे शब्द वापरताना संमतीचा विचार आपल्या मनात येत नाही, परंतु "आता आपली रजा घेतो" असे म्हणून उठणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. 'निरोप' या शब्दाचे उदाहरण मला याहूनही मोलाचे वाटते. गुरुचरित्रात 'निरोप देणे' म्हणजे आज्ञा किंवा परवानगी देणे हा प्रयोग वारंवार येतो. गुरूंची परवानगी घेऊनच शिष्य निघतो, आणि म्हणून निरोप घेणे म्हणजे निघणे असा अर्थ रूढ झाला. इंग्रजीतल्या 'टेक लीव्ह'चा अर्थही परवानगी घेण्यापासूनच निघण्यापर्यंत आला आहे. तेव्हा ज्याने कोणी 'टेक लीव्ह'साठी 'निरोप घेणे' हा प्रयोग प्रथम योजला असेल, त्याचे भाषांतर मुळापर्यंत बरोबर होते.

'लायसन्स' हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला आणि त्याचाही अर्थ परवानगीच. म्हणजे 'लीव्ह अँड लायसन्स' या जोडशब्दात एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे, एकदा जुन्या इंग्रजीत आणि एकदा फ्रेंच-लॅटिनमध्ये. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तेथील कायद्याच्या व्यवहारात इंग्रजी, फ्रेंच आणि लॅटिन या तिन्ही भाषा शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि दोन भाषांतले समानार्थी शब्द जोडून लिहिण्याची सवय कायदेपंडितांना लागली. 'विल अँड टेस्टामेंट', 'गुड्स अँड चॅटल्स' ही त्याच सवयीची उदाहरणे आहेत. आपल्याकडे धनदौलत, लाजशरम, रीतिरिवाज, कागदपत्र, मानमरातब हे शब्द अशाच दोन भाषांच्या शेजारातून घडले. करारनाम्याच्या शेवटी येणारे 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले' हे वाक्य वाचताना मला ही आठवण हटकून होते, कारण त्यातला 'राजी' अरबी आहे, 'खुशी' फारसी आहे आणि दोन्ही मिळून मराठी झाले आहेत.

येथे शब्द हा केवळ शब्द राहत नाही, आणि मुंबईत तर मुळीच नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला मोठे संरक्षण दिले. भाडे वाढवता येईना आणि भाडेकरूला काढताही येईना. त्यामुळे जागा देताना घरमालक 'भाडेपट्टा' हा शब्दच टाळू लागले आणि 'मी जागेत कोणताही हक्क देत नाही, केवळ राहण्याची परवानगी देतो' अशा भाषेत करार होऊ लागले. भाडेपट्ट्यात जागेतला हक्क काही काळापुरता दुसऱ्याकडे जातो. परवानगीत तो जात नाही, फक्त तेथे राहणे बेकायदा ठरत नाही, एवढाच १८८२ च्या दोन कायद्यांनी केलेला भेद आहे. पुढे १९७३ च्या दुरुस्तीने, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला परवानगीवर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. कराराला काय नाव दिले आहे यापेक्षा प्रत्यक्षात काय दिले आहे हे पाहावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली असोसिएटेड हॉटेल्सच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे. आज लागू असलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे असा करार लेखी करून त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे, मग त्याची मुदत अकरा महिन्यांची असो की कितीही.

हे सारे मनात असल्यामुळेच भाच्याच्या मसुद्यातल्या तिसऱ्या परिच्छेदात 'डिमाइज्ड प्रिमायसेस' असे शब्द दिसले तेव्हा मी थांबलो. 'डिमाइज' म्हणजे मृत्यू एवढेच आपल्याला ठाऊक असते, कारण शोकसंदेशांत तो शब्द आपण वाचतो. कायद्यातला त्याचा अर्थ त्याहून जुना आहे: मालमत्तेतला हक्क पट्ट्याने किंवा मृत्युपत्राने दुसऱ्याच्या हाती सोपवणे. राजा वारला की राज्य वारसाकडे जाते, त्या हस्तांतराला 'डिमाइज ऑफ द क्राउन' म्हणत, आणि त्यातून अठराव्या शतकापासून हा शब्द कोणाच्याही मृत्यूला लावला जाऊ लागला. आता, 'डिमाइज' म्हणजे हक्काचे हस्तांतर असेल, तर ज्या करारात कोणताही हक्क देत नाही असे पहिल्याच कलमात म्हटले आहे त्यात 'डिमाइज्ड' हा शब्द बसूच शकत नाही. कोणत्या तरी जुन्या भाडेपट्ट्यावरून तो उतरवून घेतला असावा. तेथे 'लायसन्स्ड' हवे होते. अशी चूक मी याआधीही दोन-तीन मसुद्यांत पाहिली आहे, आणि शब्द भारदस्त दिसतो म्हणून तो राहू द्यावा हे मला पटत नाही.

उरला 'प्रिमायसेस'. या शब्दाची कथा मला सर्वांत अधिक आवडते. लॅटिनमध्ये याचा अर्थ 'आधी मांडलेल्या गोष्टी' असा आहे, आणि तर्कशास्त्रातले 'प्रिमाइस' म्हणजे आधारविधान हे त्याचेच एकवचन. जुन्या इंग्रजी दस्तऐवजांत आरंभी जमीन, घर, विहीर, अंगण यांचे सविस्तर वर्णन करीत आणि पुढे प्रत्येक वेळी तेच पुन्हा लिहिण्याऐवजी 'वर सांगितलेले' या अर्थाने 'द प्रिमायसेस' एवढेच लिहीत. वर सांगितलेली वस्तू बहुधा घर किंवा जागाच असल्यामुळे वाचणाऱ्यांनी कालांतराने त्या शब्दाचाच अर्थ 'वास्तू' असा घेतला. आज मुंबईत व्यापारी गाळ्यांच्या सोसायट्यांच्या नावांत 'प्रिमायसेस' हा शब्द दिमाखाने झळकतो, त्याच्यामागे 'उपरोक्त' एवढाच साधा शब्द उभा आहे. याला समांतर असा आपला शब्द आहे 'मजकूर'. अरबीत मजकूर म्हणजे उल्लेखिलेला, सांगितलेला. जुन्या मराठी कागदांतले 'मौजे मजकूर', 'सन मजकूर' म्हणजे वर सांगितलेले गाव, वर सांगितलेले साल. 'उल्लेखिलेले' पासून 'लिहिलेले' आणि तेथून 'लेखनाचा ऐवज' असे होत होत आज वृत्तपत्रात छापून येते तो सगळा मजकूर झाला. इंग्रजी शब्द वास्तूकडे गेला आणि आपला शब्द लेखनाकडे गेला, मात्र दोघांची निघण्याची जागा एकच आहे, दस्तऐवज लिहिणाऱ्याची लेखणी.

भाच्याने जाता जाता पारपत्राविषयीही विचारले. भारतीय पारपत्रावर राष्ट्रपतींच्या नावे जी विनंती छापलेली असते, तिच्यात धारकाला 'लेट ऑर हिंड्रन्स' यांशिवाय जाऊ द्यावे असे शब्द आहेत. 'लेट' म्हणजे तर होऊ देणे; मग होऊ दिल्याशिवाय जाऊ द्यावे याचा अर्थ काय, ही त्याची शंका रास्त होती. येथेही दोन निराळे शब्द उच्चारात एक झाले आहेत. एका 'लेट'चा अर्थ होऊ देणे, आणि इमारतीवर लावलेल्या 'टू लेट' या पाटीत तोच आहे. दुसऱ्याचा अर्थ अडवणे. शेक्सपिअरचा हॅम्लेट पित्याच्या भुतामागे जाताना, मला जो 'लेट' करील त्याचे मी भूत करीन, असे ओरडतो, तेव्हा त्याला अडवणारा असेच म्हणायचे आहे. दोन उलट अर्थ एकाच ध्वनीत राहिल्याने व्यवहारात घोटाळा होणार हे उघड होते, त्यामुळे अडवण्याचा अर्थ बोलण्यातून गेला. तो टेनिसमध्ये जाळीला लागून पडलेल्या सर्व्हिसच्या 'लेट'मध्ये आणि पारपत्रावरच्या त्या एका ओळीत तेवढा टिकला. तेथे 'अडथळा वा अटकाव न करता' असे मराठी करावे, म्हणजे दोन्ही शब्दांना न्याय मिळतो.

'विटनेसेथ' या शब्दाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. 'साक्ष देतो' या अर्थाचे ते जुने क्रियारूप आहे, आणि आपल्या दस्तांतल्या 'लिहून देतो ऐसाजे' मधील 'ऐसाजे' जितके जुने दिसते तितकेच ते इंग्रजी वाचकाला जुने दिसते.

'फोर्टनाइट'वर मात्र थांबले पाहिजे, कारण तेथे एका दिवसाचा प्रश्न आहे. हा शब्द 'चौदा रात्री' या दोन शब्दांचा संक्षेप आहे. जर्मन टोळ्या काळ दिवसांनी न मोजता रात्रींनी मोजतात, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटसने पहिल्या शतकाच्या अखेरीस केली आहे, आणि इंग्रजी ही त्याच कुळातली भाषा आहे. आठवड्यासाठीही 'सात रात्री' या अर्थाचा 'सेनाइट' हा शब्द पूर्वी होता, तो आता लुप्त झाला. नवरात्र म्हणणाऱ्या आपल्याला या मोजणीचे नवल वाटू नये. परंतु आपला पंधरवडा पंधराचा आहे, त्यांचा चौदाचा आहे. मसुद्यात घर सोडण्याची सूचना 'एक फोर्टनाइट' आधी द्यावी असे होते, आणि सोबतच्या मराठी प्रतीत त्याचे 'पंधरवडा' असे केलेले होते. कोणी एखाद्या दिवसावरून अडून बसले तर दोन प्रती दोन गोष्टी सांगतील. बोलण्यात पंधरवडा म्हणणे योग्यच आहे. करारात 'चौदा दिवस' किंवा 'पंधरा दिवस' असा आकडाच लिहावा. भाच्याने दोन्ही प्रतींत पंधरा दिवस करून घेतले आणि 'डिमाइज्ड' काढून टाकले.

माझ्या ताईला इंग्रजी फारसे येत नाही, म्हणून तिच्यासाठी मी कराराचा सारांश मराठीत लिहून दिला. तेथे 'लीव्ह अँड लायसन्स'ला मी 'रजा-परवानगी' असा शब्द योजला. इंग्रजीतली जोडी, तिचा अर्थ आणि तिचे जुनेपण ही तिन्ही त्यात राहतात असे मला वाटते, तरी 'रजा' म्हटल्यावर आजच्या वाचकाला सुट्टीच आठवेल, ही अडचण मी नाकारत नाही. गिरगाव, दादर, परळ या भागांत ज्यांच्या घरी १९७३ पूर्वीचे मराठी करार किंवा भाडेचिठ्ठ्या जपून ठेवलेल्या असतील, त्यांनी त्यांत या जोडीसाठी कोणता शब्द लिहिला आहे ते पाहून कळवावे.