प्रवास आणि आजारपणात वाचन कसं टिकवता?

पानखूण:
माझी नोकरी फिरतीची. बसमध्ये पुस्तक उघडलं की दोन पानांत मळमळायला लागतं. त्यात मध्यंतरी टायफॉइड झाला. ताप उतरला, पण अशक्तपणा काही जाईना. एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचते, डोक्यात काही शिरत नाही. झोपण्याआधी थोडं तरी वाचायची लहानपणापासूनची सवय, ती सुटत चाललीय याचं फार वाईट वाटतं. एक जाडजूड कादंबरी अर्ध्यावर पडून आहे; त्यातलं कोण कुणाचं कोण, तेही आता आठवत नाही. पहिल्यापासून घ्यावी का? तुम्ही काय करता?

खिडकीजवळचा:
बसमध्ये वाचायचा हट्ट सोडा. डोळे एका जागी पानावर असतात आणि आतल्या कानाला वळणं, गचके, ब्रेक सगळं कळत असतं. दोघांचा मेळ बसत नाही म्हणून मळमळतं. त्यावरच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, म्हणजे वाचन राहिलंच. मी बसमध्ये ऑडिओबुक, म्हणजे वाचून रेकॉर्ड केलेलं पुस्तक ऐकतो, नजर बाहेर लांबवर ठेवतो. ऐकायला आत्मचरित्र किंवा प्रवासवर्णन घ्या. एकच माणूस बोलत असतो, मध्येच फोन आला तरी धागा सुटत नाही.

जुनी वही:
मी लांबलेल्या दुखण्यातून गेलेय, म्हणून सविस्तर लिहिते. अंगात ताप असताना वाचूच नका, घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवायला सांगा. नंतरच्या अशक्तपणात नवं पुस्तक अजिबात नको. आधी वाचलेलं, आवडतं पुस्तक कुठूनही उघडायचं. पुढे काय होणार ते माहीत असतं, त्यामुळे लक्ष भरकटलं तरी काही बिघडत नाही. मला त्या काळात पत्रसंग्रहांनी सांभाळलं. एक पत्र वाचलं की मिटायचं.

पुस्तकाचं वजन ही खरी अडचण असते, आणि ती कुणी सांगत नाही. उताणं पडून जाड पुस्तक धरलं की मनगटं भरून येतात. कुशीवर वळावं तर एक पान नीट दिसतं, दुसरं वाकडं. किंडलसारखं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र हलकं असतं, अक्षरं हवी तेवढी मोठी होतात. पानात सात-आठच ओळी बसल्या तर थकलेल्या डोक्याला त्या पेलतात.

कादंबरी पहिल्यापासून घेऊ नका. आधीची प्रकरणं नुसती चाळा आणि एका कागदावर नावं लिहा: कोण, कुणाची मुलगी, कुणाशी भांडण. तोच कागद खूण म्हणून आत ठेवायचा. पुस्तक मिटताना गोष्ट कुठे आलीय ते त्यावर एका ओळीत लिहायचं. मी हे आता बरी असतानाही करते.

पानखूण:
कागदाची युक्ती आजच करते. रात्री मात्र ऐकायला लावलं की झोप लागते आणि सकाळी पुस्तक कुठल्या कुठे गेलेलं असतं.

खिडकीजवळचा:
ऑडिओबुकच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये स्लीप टायमर असतो. पंधरा मिनिटांचा लावा, किंवा प्रकरण संपलं की बंद होईल असा. सकाळी थोडं मागे जाऊन सुरू करा.