परदेशी स्वयंसेवा आणि मोकळ्या वेळातली भटकंती : अनुभव लिहा

परदेशात स्वयंसेवक म्हणून काही महिने राहून आलेल्यांसाठी हा धागा. कामाबद्दल सगळेच भरभरून सांगतात. इथे कामातून सुटल्यावर काय पाहिलं, कसं पाहिलं, ते लिहा. माझं ठाम मत असं की स्वयंसेवकाने पर्यटकाची यादी घेऊन फिरूच नये. त्याला त्याच जागी पुन्हा जाता येतं आणि हीच त्याची खरी मिळकत. सुरुवात मीच करते.

मी कंबोडियात सिएम रीपला एका संस्थेचे हिशेब लावून द्यायला गेले होते. अंगकोर वाटचं देऊळ तिथून सायकलच्या टप्प्यात. तिकीट एक, तीन किंवा सात दिवसांचं मिळतं. त्यातलं सात दिवसांचं तिकीट महिनाभरात कोणत्याही सात दिवशी चालतं, म्हणजे राहणाऱ्या माणसासाठी तेच योग्य. सकाळी मी पूर्वेच्या ओवरीत जायचे. समुद्रमंथनाचा जवळजवळ ४९ मीटर लांबीचा शिल्पपट तिथे आहे आणि त्यावर कोवळं ऊन येतं. एका बाजूला असुर, दुसरीकडे देव, मध्ये विष्णू. दुपार कलली की पश्चिमेची बाजू. तिथे कुरुक्षेत्र कोरलंय, शरपंजरी भीष्मांसकट. बाराव्या शतकातल्या ख्मेर शिल्पकाराने कोरलेले भीष्म ओळखता आले, तेव्हा मला भरून आलं. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे मात्र हवेतच.

एक गोष्ट कळकळीने सांगते. फिरण्याचा भाग म्हणून अनाथाश्रम दाखवायला नेणारे भेटतील. जाऊ नका. तिथल्या पाहणीत अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं आढळलं आहे. पाहुण्यांच्या पैशामुळेच मुलं घरापासून दूर राहतात.

*

नेपाळ. २०१५ च्या भूकंपानंतर शाळा बांधायच्या कामावर होतो. शनिवार तेवढा सुट्टीचा, त्यामुळे लांबचं काही जमत नव्हतं. भक्तपूर जवळ होतं, तिथेच जात राहिलो.

आमच्या साइटवर भिंतीत जोत्याला, खिडक्यांखाली आणि दारांच्या वर सलग काँक्रीटचे पट्टे घालायचे असत, म्हणजे हादऱ्यात भिंती सुट्या होत नाहीत. मिस्त्री म्हणाले, ही युक्ती आमच्याकडे जुनीच आहे, भक्तपूरला जाऊन बघा. काठमांडू खोऱ्यातल्या नेवार लोकांच्या जुन्या बांधकामात विटांच्या भिंतीत लाकडाचे पट्टे आणि खुंट्या असतात. मग मी देवळं पाहायचो ती सांध्यांकडे नजर लावून. न्यातपोल हे पाच छपरांचं देऊळ १७०२ च्या सुमाराचं, पाच चढत्या चौथऱ्यांवर उभं. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना तळाशी मल्ल, मग हत्ती, सिंह, त्यावर आणखी दोन जोड्या. वरची प्रत्येक जोडी खालच्यापेक्षा दहापट बलवान मानतात. १९३४ चा भूकंप त्याने सोसला आणि २०१५ चाही. तिथून जवळच्याच दरबार चौकात वत्सला देवीचं दगडी देऊळ मात्र कोसळलं होतं.

पर्यटक वरच्या चौथऱ्यावरून फोटो काढून निघत. मी सुतारांपाशी बसायचो. पडलेल्या कोरीव तुळया ते जुळवून, लावून ठेवत. शनिवारी पाहिलेलं मिस्त्रींना रविवारी विचारायचं, असंच माझं शिक्षण झालं. काम आणि भटकंती वेगळी ठेवा असं सांगणाऱ्यांचं मला पटत नाही.

*

तुमच्यासारखं मोकळं फिरणं सगळीकडे मिळत नाही हेही यावं, म्हणून लिहितेय. मी संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक म्हणून दक्षिण सुदानमध्ये जुबाला होते. संध्याकाळी ठरल्या वेळी आवारात परत, फिरायचं ते कार्यालयाच्या गाडीने, शहराबाहेर पाऊल टाकायला आधी सुरक्षा विभागाची परवानगी. फोटोवर कडक निर्बंध. पांढरी नाईल शहराला लागून वाहते, पण तिच्या काठाने सहज चालत जावं असं कधी झालं नाही.

अशा कठीण ठिकाणी ठरावीक काळाने सक्तीची विश्रांती मिळते, आम्ही तिला आर अँड आर म्हणायचो. मी युगांडात गेले आणि ठरवून नदीच्या मागे लागले. मर्चिसन धबधब्यात अख्खी नाईल सुमारे सात मीटर रुंदीच्या खडकातून घुसून खाली कोसळते. कानात दुसरा आवाजच शिरत नाही. मग जिंजा, जिथे ती व्हिक्टोरिया सरोवरातून बाहेर पडते. गांधीजींच्या अस्थींचा काही अंश १९४८ साली इथे विसर्जित झाला, काठावर त्यांचा अर्धपुतळा आहे. हे पाणी पुढे जुबावरून जाणार, मी जिथे रोज काम करते तिथून, हे तिथे उभं राहून फार जाणवलं. परत गेल्यावर नदीकडे नुसतं गाडीच्या काचेतून पाहतानाही ती ओळखीची वाटायची.

*

जर्मनीत वृद्धाश्रमात सेवेचं वर्ष केलं. शनिवार-रविवारची पाळी बहुतेकदा आमच्या वाट्याला, त्या बदल्यात मधल्या वारी सुट्टी. ही सोय समजा, कारण संग्रहालयं तेव्हा रिकामी असतात. फक्त सोमवार टाळा, बरीचशी बंद असतात. मे २०२३ पासून डॉइचलँड तिकीट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास निघाला, तेव्हा महिन्याला ४९ युरो होते, पुढे वाढले. त्यावर जलद आयसीई गाड्या चालत नाहीत, प्रादेशिक चालतात. वेळ जातो, पण देश दिसतो.

कुठे जायचं हे मी आश्रमातल्या आजी-आजोबांना विचारायचो. एका आजींचं लहानपण ड्रेस्डेनचं. १९४५ च्या बॉम्बवर्षावात तिथलं फ्राउएनकिर्शे हे चर्च कोसळलं, मग कित्येक दशकं नुसता ढीग होता, २००५ मध्ये ते पुन्हा उभं राहून उघडलं. नव्या फिकट दगडांत जुने काळे दगड तसेच बसवलेत. आजींनी मला सांगितलं होतं की काळ्या दगडांचे जवळून फोटो आण. आणले. त्यांनी एकेक मोठा करून पाहिला आणि लहानपणीच्या रस्त्यांची नावं सांगत राहिल्या. पुढच्या सुट्टीत त्या रस्त्यांनी फिरून आलो.

*

कोस्टा रिका, टॉर्टुगेरो. कासवांच्या अंड्यांचं संरक्षण. जुलै ते ऑक्टोबर हिरव्या कासवांचा हंगाम. काम रात्री, किनाऱ्यावर गस्त, लाल प्रकाशाचा दिवा, कॅमेरा बंद. गावाला रस्ताच नाही, होडीने जायचं. गस्तीनंतर झोप अनावर असते, तरी आठवड्यातून एखादी पहाट कालव्यांसाठी राखाच. वल्हवायची होडी घ्या, इंजिनाची नको. माकडं, बगळे, मगरीची पिल्लं, सगळं हाताच्या अंतरावर.

*

मी थोडं वेगळं सांगतो. कामाच्या काळात जवळपासचंच पाहा आणि लांबचा प्रवास काम संपल्यावर करा. त्यासाठी व्हिसा कामाच्या मुदतीपलीकडे किती दिवस चालतो ते निघण्याआधी विचारा. स्वयंसेवेचा व्हिसा काम संपताच संपू शकतो. आणि जेवण-राहण्याच्या बदल्यात शेतावर मदत करणं म्हणजे पर्यटनच, असं समजू नका. न्यूझीलंडमध्ये ते काम धरलं जातं, पर्यटक व्हिसावर चालत नाही. विम्याचंही तसंच. संस्थेचा विमा सुट्टीत लागू आहे का आणि भाड्याच्या मोटरसायकलवर अपघात झाला तर काय, हे लेखी घ्या.

*

शेवटच्या मुद्द्यासाठी विशेष आभार, हे कोणी आधी सांगत नाही. सुट्टीचे वार पहिल्याच आठवड्यात समन्वयकाशी बोलून ठरवा, एवढी माझी भर. दक्षिण अमेरिकेत डोंगराळ भागात काम केलेलं कोणी असेल तर उंचीवर फिरण्याबद्दल लिहा. पेरूमधलं कुस्को ३,४०० मीटरवर आहे आणि माझी एक मैत्रीण पुढच्या हंगामात तिथे निघाली आहे.